हेही नको, तेही नको

हिरण्यकशिपूनं ब्रह्मदेवाकडे मागितलेला वर वाचताना मला दर वेळी एखाद्या मुरलेल्या वकिलानं केलेला दस्त आठवतो. साधासुधा असुर असता तर ‘मला मरण नको’ एवढं म्हणून मोकळा झाला असता. हा तसा नव्हता. यानं मरणाच्या वाटा एकेक करून मोजल्या आणि प्रत्येक वाट दोन्ही टोकांना बुजवली. घरात मरण नको, घराबाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. जमिनीवर नको, आकाशात नको. माणसाच्या हातून नको, जनावराच्याही नको. ज्याच्यात जीव आहे त्याच्याकडून नको आणि ज्याच्यात जीव नाही त्याच्याकडूनही नको. ब्रह्मदेवानं सगळं ऐकून घेतलं आणि तथास्तु म्हटलं. देवलोकात बारीक अक्षरातल्या अटी कोणी वाचत नसावं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. माणूस नाही आणि जनावरही नाही, असा नरसिंह निघाला. घर नाही आणि बाहेरही नाही, असा उंबरा निघाला. दिवस नाही, रात्र नाही, अशी तिन्हीसांज निघाली. जमीन आणि आकाश यांच्या मधे मांडी निघाली. राहता राहिली नखं. त्यांना जिवंत म्हणावं तर कापताना दुखत नाहीत, निर्जीव म्हणावं तर वाढायची थांबत नाहीत. नीरा आणि भीमेच्या संगमावरच्या नरसिंहपूरचा हा देव आपल्याकडे कितीतरी घराण्यांचं कुलदैवत आहे. तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसू नये म्हणून आज्या का दटावायच्या, याची लोक नाना कारणं सांगतात. मला हे एकच पटतं. त्या जागेवर कोणाचा तरी कायमचा हक्क आहे.

नमुचीची गोष्टही याच घराण्यातली. इंद्रानं या असुराशी मैत्री केली आणि वचन दिलं की तुला ओल्यानं मारणार नाही, सुक्यानंही नाही; दिवसा नाही, रात्रीही नाही. मग धड दिवस नाही आणि धड रात्र नाही अशी वेळ साधून त्यानं फेसानं नमुचीचं डोकं उडवलं. फेस ओला की सुका, याचा निकाल भांडी घासणाऱ्या कोणालाही आजवर लावता आलेला नाही. महाभारतात याची पुढची हकीगत दिली आहे, ती मला जास्त आवडते. ते तुटलेलं डोकं मित्रघातकी म्हणून ओरडत इंद्राच्या मागे लागलं. वचन अक्षरशः पाळलं होतं, पण डोक्याला ते काही पटेना.

ही आपल्याकडचीच खोड आहे असं मात्र समजू नका. वेल्स देशाच्या जुन्या मॅबिनोगी कथांत श्लाय नावाचा एक वीर आहे. त्याला घरात मारता येत नाही, बाहेरही नाही. घोड्यावर मारता येत नाही, पायीही नाही. मग मरण येणार तरी कसं, असं त्याच्या बायकोनं लाडीगोडीनं विचारलं. तर गड्यानं सगळा पत्ता सांगून टाकला: नदीकाठी न्हाणीचं टाकं हवं, वर नुसतं छप्पर हवं, एक पाय टाक्याच्या काठावर आणि दुसरा बोकडाच्या पाठीवर हवा. एवढ्यावर थांबता तरी बरं. बायको म्हणाली, मला नीट कळलं नाही, जरा करून दाखवा. तो खरोखरच बोकडावर एक पाय ठेवून उभा राहिला आणि टेकडीच्या आड दडलेल्या तिच्या प्रियकरानं भाला फेकला. (नवऱ्यांनी घरात कोणती गोष्ट करून दाखवू नये, यावर वेगळा निबंध होईल.) ग्रिमबंधूंच्या संग्रहातल्या शेतकऱ्याच्या मुलीला राजानं अशीच अट घातली होती: कपडे घालून येऊ नकोस, उघडीही येऊ नकोस; चालत येऊ नकोस, बसूनही येऊ नकोस. ती अंगाला मासेमारीचं जाळं गुंडाळून, गाढवाच्या शेपटीला बांधून, फरफटत दरबारात आली. राजानं लगेच लग्न केलं. माझ्या मते आधी मलमपट्टी करायला हवी होती.

या सगळ्या जुन्या गोष्टी एक गोष्ट पक्की जाणून आहेत. दोन नकारांच्या मधे एक अरुंद बोळ उरतोच, आणि त्या बोळात कोणीतरी बसलेलं असतं. सिंह असेल, फेस असेल, बोकड असेल. ‘हेही नको, तेही नको’ असं ठणकावून म्हणणारा माणूस दिसला की मी आता हेच शोधतो, की याच्या बोळात कोण बसलंय?

कारण म्हणायला हे वाक्य फार सुखाचं आहे. एक बाजू घेतली की दुसरी बाजू रागावते. दोन्ही बाजू नाकारल्या की माणूस एकदम दोघांहून उंच वाटायला लागतो. आमच्या सोसायटीची लिफ्ट जुनी झाली तेव्हा सर्वसाधारण सभेत दोन तट पडले. एकांचं म्हणणं नवी बसवा, दुसऱ्यांचं म्हणणं आहे तीच दुरुस्त करा. आवाज चढले, जुनी पार्किंगची भांडणं वर आली. तेवढ्यात तात्या उठले. तात्या निवृत्त, वजनदार आणि फारसं न बोलणारे, त्यामुळे ते बोलले की लोक ऐकतात. ते म्हणाले, “हे बघा, नवी घ्यायची तर वर्गणी कोणालाच झेपायची नाही. जुनी दुरुस्त करायची तर तो पैसा पाण्यात. तेव्हा घाईनं हेही नको आणि तेही नको.” काय तो समतोल! काय ती प्रगल्भता! टाळ्या पडल्या, ठराव सर्वानुमते झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे जिना चढू लागलो. चौथ्या मजल्यावर पिशव्या घेऊन धापा टाकत पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, की तात्या तळमजल्यावर राहतात.

अशा सल्लागारांचा मूळपुरुष म्हणजे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधला पोलोनियस. मुलगा परदेशी निघाला तेव्हा त्यानं त्याला लांबलचक उपदेश केला. त्यातला उसनं घेऊही नये आणि देऊही नये, हा भाग जगभर सुभाषितासारखा वापरला जातो. आपल्या किराणा दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ची पाटी असते, तिच्यात निदान उद्याची आशा तरी असते. एवढा तोल सांभाळायला शिकवणारा हा बाप पुढे त्याच मुलावर पाळत ठेवायला माणूस पाठवतो, आणि शेवटी पडद्याआड लपून दुसऱ्यांचं बोलणं ऐकताना तलवारीचा वार खाऊन मरतो. देणं नाही, घेणं नाही, पण डोकावणं मात्र भरपूर. हा प्रकार ‘मी कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही’ म्हणणाऱ्या आपल्याकडच्या पुष्कळ मंडळींमध्येही आढळतो. इमारतीतली इत्थंभूत बातमी हवी असेल तर त्यांच्याकडेच जावं.

आपल्या म्हणीत मात्र बोळातल्या वस्तूचं नाव स्पष्ट सांगितलेलं आहे: तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. एका मठ्ठ माणसाला तेल आणि तूप आणायला पाठवलं. त्यानं भांडं म्हणून धुपाटणं नेलं. धुपाटण्याला वर वाटी असते आणि बूडही खोलगट असतं. त्यानं वाटीत तेल घेतलं आणि तुपासाठी धुपाटणं उलटं केलं. तेल सांडलं. तूप घेऊन घरी आला. तेल कुठे आहे म्हणून विचारल्यावर ते दाखवायला धुपाटणं पुन्हा उलटं केलं. लोक हसतात, पण मला या माणसाच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं. दोन्ही गेल्यावर हातात काय उरलं, ते त्यानं लपवलं नाही. ‘मी तेल आणि तूप या दोहोंच्या पलीकडे गेलो आहे’ असं काही तो म्हणाला नाही.

इतिहासातली सगळ्यात मोठी धुपाटण्याची गोष्ट 1918 सालची आहे. रशियात बोल्शेविक नुकतेच सत्तेवर आले होते आणि जर्मनीशी युद्ध चालू होतं. ब्रेस्ट-लितोव्स्क या गावी तहाची बोलणी सुरू झाली. जर्मनांच्या मागण्या अवाढव्य होत्या. लेनिन म्हणे, सही करा आणि मोकळे व्हा, लढायला सैन्य उरलेलं नाही. बुखारिन म्हणे, साम्राज्यवाद्यांशी तह कसला, क्रांतियुद्ध करा. परराष्ट्र खात्याची धुरा ट्रॉट्स्की यांच्याकडे होती. बुद्धी तल्लख, वाणी त्याहून तल्लख. त्यांनी तिसरा मार्ग काढला: युद्धही नाही, तहही नाही. 10 फेब्रुवारीला ते वाटाघाटींच्या खोलीत उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं, की आम्ही युद्धातून बाहेर पडतो, सैन्य घरी पाठवतो, पण तुमच्या तहावर सही करत नाही.

खोलीत सन्नाटा पसरला. जर्मन सेनापती हॉफमन यांच्या तोंडून ‘ऐकलं नव्हतं असं काही!’ अशा अर्थाचा एकच उद्गार निघाला. मुत्सद्द्यांनी नजीर शोधून पाहिली. हरलेल्यानं सही न करता आणि न लढता नुसतं उठून जाण्याची सोय आंतरराष्ट्रीय कायद्यात कोणी करून ठेवली नव्हती. ट्रॉट्स्की खुशीत परतले. एक गंमत अशी, की रशियानं त्याच महिन्यात जुनी दिनदर्शिका सोडून नवी घेतली. तिथे 31 जानेवारीनंतर एकदम 14 फेब्रुवारी उजाडली. म्हणजे ज्या 10 फेब्रुवारीला हे ऐतिहासिक वाक्य उच्चारलं गेलं, ती तारीख रशियाच्या दिनदर्शिकेत त्या वर्षी आलीच नाही. ना जुनी, ना नवी.

ट्रॉट्स्कींना वेड लागलं नव्हतं. बर्लिन आणि व्हिएन्नात जानेवारीत कामगारांचे मोठे संप झाले होते. निःशस्त्र रशियावर चाल करून जायला जर्मन शिपाईच नकार देतील, तिकडेही क्रांती होईल, असा त्यांचा हिशेब होता. बोळात जर्मन कामगार उभा आहे असं त्यांना वाटत होतं. पण 18 फेब्रुवारीला जर्मन सैन्य निघालं. अडवायला कोणी नव्हतंच. हॉफमन यांनी लिहून ठेवलं, की इतकी विनोदी लढाई आपण पाहिली नाही: मूठभर शिपाई रेल्वेत घालायचे, पुढच्या स्टेशनावर उतरवायचे, स्टेशन ताब्यात घ्यायचं, पुन्हा गाडीत बसायचं. पाच दिवसांत दोनशेहून जास्त किलोमीटर सरले. 3 मार्चला अखेर तहावर सही झाली, आणि तीही आधीपेक्षा कडक अटींवर. जुन्या रशियन साम्राज्याची जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या गेली. सही करायला ट्रॉट्स्की स्वतः गेले नाहीत, दुसरे गेले. पण माझा आवडता तपशील त्याच्या आधीचा आहे. 23 फेब्रुवारीला पक्षाच्या मध्यवर्ती समितीत तहावर मतदान झालं. बाजूनं 7, विरोधात 4, तटस्थ 4. ट्रॉट्स्की तटस्थ राहिले. माणूस शेवटपर्यंत आपल्या वाक्याशी इमान राखून होता, एवढं मान्य करायलाच हवं.

लेबनॉन नावाचा एक सुंदर देश याच व्याकरणावर उभा राहिला. 1943 साली तिथल्या ख्रिस्ती आणि मुसलमान पुढाऱ्यांनी एक अलिखित करार केला. ख्रिस्त्यांनी फ्रान्सच्या पंखाखाली राहण्याचा हट्ट सोडायचा, मुसलमानांनी सीरियात किंवा मोठ्या अरब राज्यात विलीन होण्याचा. पश्चिम नको, पूर्वही नको. सहा वर्षांनी जॉर्ज नकाश या पत्रकारानं आपल्या फ्रेंच वर्तमानपत्रात लिहिलं, की दोन नकार मिळून एक राष्ट्र होत नाही. सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं. आता यात राष्ट्र कशानं होतं हे सांगणारं उत्तर काही नव्हतं, तुरुंग तर नव्हेच. त्या देशात पुढे 1975 पासून पंधरा वर्षं जे यादवी युद्ध चाललं, त्याची कारणं पुष्कळ होती. सगळा दोष एका व्याकरणावर टाकायची माझी इच्छा नाही. पण नकाश यांचं वाक्य तिथे अजून लोकांच्या तोंडी आहे आणि त्यांना तुरुंगात घालणाऱ्यांचं एकही वाक्य नाही.

फ्रेंचांना या प्रकाराचं भलतंच वेड. रोलाँ बार्थ या लेखकानं 1957 च्या आपल्या ‘मिथॉलॉजीज’ पुस्तकात याची चांगली फिरकी घेतली. तो म्हणतो, लोक आधी दोन टोकं तयार करतात, मग तराजूच्या दोन पारड्यांत घालतात, दोन्ही सारखी करतात आणि फेकून देतात. मागे राहतो तो हातात तराजू धरलेला स्वच्छ, निष्कलंक माणूस. तात्या मला तेव्हाच कळले. बार्थ यांचा चिमटा बसूनही त्या देशात काही फरक पडला नाही. 1988 मध्ये मितराँ पुन्हा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा त्यांचं धोरण होतं: नवं राष्ट्रीयीकरण नाही, खासगीकरणही नाही. जे जिथे आहे ते तिथे राहू द्या. ते निवडून आले.

आता मी सगळ्याच नकारांना धुपाटणं ठरवायला निघालोय असं वाटेल. तसं नाही. बुद्धानं सारनाथला पहिल्या पाच शिष्यांना सांगितलं, की सुखात लोळणं हे एक टोक, देह जाळणं हे दुसरं; दोन्ही टाळा. दोन्ही टोकं त्यानं स्वतः करून पाहिली होती, हा पहिला फरक. राजवाडाही पाहिला होता आणि बरगड्या मोजता येतील असा उपासही केला होता. पण खरा फरक पुढे विनयपिटकातल्या सोणाच्या गोष्टीत दिसतो. सोण हा चंपानगरीच्या श्रीमंताचा लाडका मुलगा. इतका नाजूक, की त्याच्या तळपायांवर लव उगवली होती म्हणतात. भिक्षू झाल्यावर त्यानं येरझाऱ्या घालण्याचं व्रत इतकं कडक केलं, की तळवे फाटून वाट रक्तानं माखली. आता हे आपल्याच्यानं होणार नाही, घरी जाऊन दानधर्म करत बसावं, असं त्याच्या मनात आलं. बुद्धानं त्याला विचारलं, तू वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर? फार सैल सोडल्या तर? वीणेची ही उपमा जगभर गेली. गुळगुळीत कागदावर छापली गेली.

उपमेनंतर काय झालं ते मात्र कोणी छापत नाही. बुद्धानं सोणाचे पाय पाहिले आणि त्याला वहाणा वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला, एवढी संपत्ती सोडून आलो आणि वहाणांना भुललो असं लोक म्हणतील. सगळ्या संघाला द्या, मग मी घालीन. तेव्हा एकपदरी वहाणा सगळ्यांनाच मिळाल्या. गादी नको, काटे नकोत, मग मधे काय? तर एकपदरी चप्पल. तत्त्वज्ञानानं इतक्या थेट पायाशी यावं, याचा मला विलक्षण आनंद होतो.

गुरू नानकांचंही तसंच. सुलतानपूरला ते नवाबाच्या कोठारावर धान्य मोजायच्या नोकरीत होते. जनमसाखी या त्यांच्या चरित्रकथा सांगतात, की एके दिवशी ते बेईं नदीत अंघोळीला गेले आणि तीन दिवस दिसेनात. बाहेर आल्यावर पहिलं बोलले ते हेच, की कोणी हिंदू नाही आणि कोणी मुसलमान नाही. एवढं बोलून थांबले असते तर तेही एक सुभाषित झालं असतं. पण त्यांनी पंगत घातली, सगळ्यांना एका रांगेत बसवून जेवायला वाढलं. नकाराच्या मधे लंगर होता. आपल्या नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि देऊळ-मशीद दोन्ही ओलांडून जाण्याची गोष्ट त्यांतही येते, हे आपल्याला सुखावणारं आहे.

गंमत एवढीच, की असं बोलणाऱ्याचं मागचे लोक ऐकत नाहीत. कबीर गेले तेव्हा दहन की दफन यावरून भांडण झालं. चादर उचलली तर खाली नुसती फुलं, अशी आख्यायिका आहे. मगहरला जाऊन पाहा, समाधी आणि मजार अशा दोन इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत. नानकांची कर्तारपूरची गोष्टही अगदी तीच. तिथेही समाधी आहे आणि कबरही आहे. आयुष्यभर ‘हेही नाही, तेही नाही’ म्हणणाऱ्यांना शिष्यांनी ‘हेही घ्या, तेही घ्या’ म्हणून निरोप दिला.

काहींच्या बोळात मात्र पाणबुडी बसलेली असते. 1974 साली अमेरिकेच्या सीआयएनं समुद्रतळाशी, सुमारे पाच किलोमीटर खोल बुडालेली सोव्हिएत पाणबुडी गुपचूप वर काढायचा घाट घातला. जहाजाचं नाव ग्लोमार एक्सप्लोरर. बाहेर सांगायचं ते असं, की एक कोट्यधीश उद्योगपती समुद्रतळाचं मँगनीज गोळा करतोय. पुढच्या वर्षी बातमी फुटली आणि एका पत्रकार बाईंनी कागदपत्रं मागितली. आहेत म्हणावं तर गुपित फुटतं, नाहीत म्हणावं तर कायद्यापुढे खोटं ठरतं. तेव्हा उत्तर गेलं: अशी कागदपत्रं आहेत या गोष्टीला आम्ही दुजोरा देत नाही आणि तिचा इन्कारही करत नाही. त्या जहाजावरून या उत्तराला अजून ‘ग्लोमार उत्तर’ म्हणतात. 2014 च्या जूनमध्ये याच सीआयएनं ट्विटरवर खातं उघडलं. पहिल्याच ट्वीटमध्ये लिहिलं, की हे आमचं पहिलं ट्वीट आहे याला आम्ही दुजोरा देत नाही, इन्कारही करत नाही. हेरखात्याला विनोदबुद्धी असते, याचा एवढा एकच सरकारी पुरावा माझ्याकडे आहे. पण प्रत्येक ठिकाणी हे उत्तर चालतं असं नाही. 1985 मध्ये अमेरिकेची युद्धनौका न्यूझीलंडला येणार होती. तिच्यावर अण्वस्त्रं आहेत की नाहीत, या प्रश्नाला असंच उत्तर मिळालं. न्यूझीलंडवाले म्हणाले, मग येऊ नका.

इथवर झालं ते नकार देणाऱ्यांचं. पण पुष्कळांच्या वाट्याला हे दोन नकार न मागता येतात. धोब्याच्या कुत्र्याला घर नको होतं किंवा घाट नको होता असं कोणी सांगितलं? त्याला कोणी विचारलंच नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, यात पोराचं मत कुठे आहे? भारत आणि बांगलादेशाच्या सीमेवर अशी कितीतरी गावं होती. बांगलादेशाच्या पोटात भारताचे 111 तुकडे, भारताच्या पोटात त्यांचे 51. तिथल्या माणसाला आपल्या देशाच्या कचेरीत जायचं तर परका देश ओलांडावा लागे, आणि ओलांडायला परवाना हवा तर तो त्याच कचेरीत मिळे. 2015 च्या 31 जुलैला मध्यरात्री हे तुकडे एकमेकांना देऊन टाकले, तेव्हा कुठे ती माणसं कोणत्या तरी एका देशाची झाली. सादत हसन मंटोंच्या ‘टोबा टेक सिंग’ कथेतला वेडा बिशनसिंग दोन देशांच्या मधल्या बिनमालकीच्या पट्टीवर आडवा होतो. त्याला दोन्ही देश नाकारायचे नव्हते हो. त्याला फक्त त्याचं गाव हवं होतं. दोन नकारांच्या वाक्यावर हसताना मी इथे मात्र गप्प होतो.

आपल्याला हे वाक्य आता यंत्रावर बटण म्हणूनच मिळालं आहे. 27 सप्टेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की उभ्या असलेल्यांपैकी एकही पसंत नाही असं म्हणायचा मतदाराला हक्क आहे, आणि तो गुप्तपणे बजावता आला पाहिजे. त्याआधीही नकार देता येत होता, पण मतदान केंद्राधिकाऱ्याला तोंडानं सांगून, वहीत नोंद करून, सही ठोकून. आजूबाजूला सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी बसलेले. असा नकार द्यायला नरसिंहाचंच काळीज हवं. आता यादीच्या तळाशी नोटा असतं. 2015 मध्ये त्याला चिन्हही मिळालं: मतपत्रिका आणि तिच्यावर काळी फुली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं ते तयार केलं. म्हणजे नकाराचाही आता निवडणूक-चिन्ह असलेला उमेदवार आहे, फक्त तो सभा घेत नाही आणि हात जोडून दारात येत नाही. तरी त्याला मतं बरी पडतात. 2019 च्या विधानसभेला लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटा 27 हजारांहून जास्त मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला. विजेता सोडला तर हाडामांसाचे सगळे उमेदवार त्याच्या मागे.

पण विधानसभेत आणि लोकसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी खुर्ची रिकामी राहत नाही. उरलेल्यांत ज्याला जास्त मतं, तो निवडून येतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं 2018 च्या नोव्हेंबरमध्ये महापालिका आणि नगरपालिकांपुरता वेगळा आदेश काढला: नोटाला सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची. ऐकून बरं वाटलं. कोणीतरी दोन नकारांच्या मधल्या जागेत निदान एक दार बसवलं. मग पुढचं कलम वाचलं. पुन्हा घेतलेल्या निवडणुकीतही नोटाच पुढे राहिला, तर तिसरी निवडणूक नाही. नोटा सोडून ज्याला जास्त मतं, तोच नगरसेवक.